तिसऱ्या वायरमनने आधी मेगर काढला

बाथरूमच्या लाइनचा एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच, पडायला लागला तेव्हा आम्ही आधी एमसीबीलाच दोष दिला. गीझर चालू असताना कोणी वॉशिंग मशीन गरम पाण्यावर लावलं की तो पडायचा, कधी वीस मिनिटांत, कधी तासाभराने. वर करायचा, आंघोळ उरकायची, पुन्हा पडायचा. घर चाळीस वर्षांचं. मेन बोर्ड मधे कधीतरी नवा झाला होता, त्यामुळे बाहेरून सगळं चकाचक दिसायचं. भिंतीतल्या वायरा मात्र घर बांधलं तेव्हाच्याच.

पहिला वायरमन दहा मिनिटांत काम करून गेला. १६ अँपिअरचा एमसीबी काढला, ३२चा बसवला. "आता नाही पडणार," म्हणाला, आणि खरंच नाही पडला. आठवडाभर मी खूश होते. मग एका सकाळी पॅसेजमध्ये वास आला. जळलेल्या प्लॅस्टिकचा, पण त्यात खवट झाक असलेला. नाक लावत लावत गीझरच्या बोर्डापाशी पोचले. पांढऱ्या प्लेटचा एक कोपरा पिवळट झाला होता. हाताची पालथी बाजू टेकवली तर इस्त्री बंद केल्यावर अर्ध्या तासाने लागते तशी ऊब. मेन बंद केला आणि त्या दिवशी सगळ्यांनी गार पाण्याने आंघोळ केली.

हिशोब मी नंतर केला, तो आधीच करायला हवा होता. गीझर ३००० वॅटचा, म्हणजे २३० व्होल्टला सुमारे १३ अँपिअर. मशीनचा हीटर २००० वॅटचा, म्हणजे आणखी पावणेनऊ. दोन्ही मिळून जवळपास २२. आणि भिंतीत वायर होती दीड चौरस मिलिमीटरची, जिला पाइपातून इतका करंट सतत पेलत नाही. एमसीबी गीझरसाठी नसतो, वायरसाठी असतो. वायर तापायच्या आत लाइन तोडणं एवढंच त्याचं काम. तो बिचारा बरोबर पडत होता आणि आम्ही त्याचंच तोंड बंद करून टाकलं.

दुसरा आला तो दारातूनच वर-खाली बघून म्हणाला, "सगळं वायरिंग काढावं लागेल." पॉइंट मोजायला लागला. मी म्हटलं, एखादा बोर्ड तरी उघडून बघा. तर म्हणे, "उघडून काय बघायचं, जुनंच आहे ना?" शेवटी निम्म्याहून जास्त वायरिंग बदलावंच लागलं, म्हणजे त्याचं अगदी चुकलं होतं असं नाही. पण का बदलायचं हे ज्याला सांगता येत नाही, तो नवीन वायरही कशी टाकेल, ही शंका माझ्या मनातून गेली नाही.

तिसऱ्याला बोलावण्याआधी मी फोनवरच विचारून घेतलं. लायसन्स आहे का, मेगर (वायरीवरचं आवरण किती शाबूत आहे हे मोजणारं यंत्र) आणि मीटर घेऊन येणार का, तपासणीचे आकडे कागदावर लिहून देणार का, आणि भिंत फोडलीत तर बुजवणार कोण? शेवटचा प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण भांडणं त्यावरूनच होतात. असं विचारल्यावर आणखी दोघांनी फोन ठेवला. मग जो भेटला तो म्हणाला, "आकडे देतो, पण सगळी उपकरणं प्लगमधून काढून ठेवा, नाहीतर मेगरचे ५०० व्होल्ट टीव्हीत जातील." यालाच बोलवायचं, असं तिथेच ठरलं.

आल्यावर त्याने अर्धा तास नुसते प्रश्न विचारले. कोणत्या भिंतीला ओल येते? कुठे हात लावल्यावर झिणझिण्या येतात? एक दिवा लावला की दुसरा मंद होतो का? आई कंटाळली. "अहो, चाळीस वर्षं काही झालं नाही," म्हणाली. तो म्हणाला, "आजी, तेव्हा या वायरवर दोन बल्ब आणि एक पंखा होता."

मग त्याने मेन बंद केला आणि "काम चालू आहे" असं लिहून त्यावर चिकटपट्टी लावली. मीटर आधी मेनच्या अलीकडच्या चालू लाइनवर लावून तो दाखवतोय याची खात्री केली, मग ज्या बोर्डावर काम करायचं तिथे लावला आणि पुन्हा चालू लाइनवर. नुसत्या टेस्टरवर तो विसंबतच नव्हता. न्यूट्रल, म्हणजे करंट परत नेणारी वायर, कुठे तुटली असेल आणि बटण चालू असेल, तर टेस्टर दोन्ही भोकांत पेटतो आणि माणूस गोंधळतो, असं त्याने सांगितलं.

गीझरचा बोर्ड उघडला तेव्हा मी टॉर्च धरून उभी होते. वायरीवरचं लाल आवरण काळपट चॉकलेटी झालेलं. त्याने बोटाने जरा वाकवलं तर वाळलेल्या सालीसारखं तडकून पडलं, आत उघडी तार. त्यामागे पिळा मारून केलेला एक जॉइंट, त्याच्यावर इन्सुलेशन टेपऐवजी जखमेवर लावायची कापडी चिकटपट्टी. कोणी आणि कधी लावली, देव जाणे. जॉइंट सैल असला की तिथेच उष्णता साठते, आणि करंट दुप्पट झाला की उष्णता चौपट होते, हे त्याने तो जॉइंट माझ्या हातात देऊन समजावलं.

मेगरवर बाकीच्या लाइनी ठीक होत्या, कुठे २० मेगओहम, कुठे ५०. बाथरूमची लाइन ०.२. किमान १ तरी हवा. ओल आलेल्या भिंतीतून पाइप गेला होता, त्यात पाणी शिरलं असणार, असा त्याचा अंदाज. पाइप कापल्यावर खरंच ओघळ आला.

अर्थिंगची गोष्ट मला सगळ्यात जास्त हादरवून गेली. तीन भोकांची सॉकेट घरभर होती. मीटर लावला तर बहुतेक ठिकाणी फेज (करंट आणणारी वायर) आणि न्यूट्रलमध्ये २३१ व्होल्ट, पण फेज आणि अर्थमध्ये १४०च्या आसपास, तोही हलता. म्हणजे भोक आहे, त्याच्यामागे काही नाही. फ्रिजच्या सॉकेटला मात्र दोन्हीकडे बरोब्बर २३१. मी म्हटलं, चला, निदान हे तरी नीट आहे. तो काही बोलला नाही, स्क्रू काढायला लागला. आत वीतभरही नसेल असा वायरचा तुकडा न्यूट्रलच्या पिनेतून थेट अर्थच्या पिनेत अडकवलेला. मीटरला सगळं आलबेल दिसतं. पण मागे कुठे न्यूट्रल तुटली, तर फ्रिजच्या अख्ख्या पत्र्यात फेज उतरणार. ज्या सॉकेटवर मी विश्वास टाकला, तेच सगळ्यात घातक निघालं.

काम पाच दिवस चाललं. गीझर आणि मशीनला वेगवेगळ्या लाइनी, दोन्ही चार चौरस मिलिमीटरच्या, प्रत्येकीला आपला एमसीबी. अर्थिंग नव्याने, प्रत्येक सॉकेटपर्यंत हिरवी वायर. वरच्या आणि खालच्या मजल्याला एकेक आरसीसीबी, ३० मिलिअँपिअरचा. तो जाणारा आणि परत येणारा करंट मोजत राहतो. फरक पडला, म्हणजे करंट कुठूनतरी, कदाचित माणसातून, गळतोय असं धरून लाइन तोडतो. एवढासा करंट माणसाचा जीव घेऊ शकतो, पण १६ अँपिअरच्या एमसीबीला त्याचा पत्ताही लागत नाही.

पाचव्या दिवशी संध्याकाळी सगळं चालू केलं. जिन्यातला दिवा लावला आणि अख्खं घर अंधारात. पुन्हा वर केलं, पुन्हा दिवा लावला, पुन्हा अंधार. आईने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती काळोखातही कळली. वायरमनला फोन केला, तर तो हसला. "जिन्याच्या दिव्याला फेज खालची आणि न्यूट्रल वरची असणार. जुन्या लोकांनी वायर वाचवलीय." नऊ वॅटचा दिवा तो, पण त्यातून ४० मिलिअँपिअर तरी जाणारच. ते खालून निघून वरून परत येत होते, आणि दोन्ही आरसीसीबींना वाटत होतं गळती झाली. सकाळी येऊन त्याने खालून न्यूट्रल ओढली आणि दिवा लागला.

जाताना त्याने प्रत्येक लाइनचे आकडे लिहिलेला कागद दिला. तो मी डीबीच्या, म्हणजे मेन बोर्डाच्या, झाकणाच्या आत चिकटवलाय. आरसीसीबीवरचं टेस्टचं बटण महिन्याच्या पहिल्या रविवारी दाबते. घड्याळं बंद पडतात म्हणून घरचे कुरकुरतात. माळ्यावरची खोली अजून लाकडी पट्टीच्या जुन्या वायरिंगवर आहे. तिची लाइन त्याने डीबीतून सोडवून टोकं बंद करून ठेवली आहेत, आणि आई तिथे सामान आणायला बॅटरी घेऊन जाते.