कारवारच्या वाळूत माझी मस्ती जिरली

बेळगावात मी रोज सकाळी व्हॅक्सिन डेपोच्या मोकळ्या आवारात पळायला जातो, झाडांखालनं पाच किलोमीटर आरामात होतात, त्यामुळं आपण लई फिट आहोत असा एक गैरसमज होता. डिसेंबरात मावशीकडं कारवारला आठवडाभर राहायला गेलो आणि पहिल्याच दिवशी तो संपला.

टागोर बीचवर उतरलो आणि काळी नदीच्या मुखाकडं पळत सुटलो, म्हणजे उत्तरेला, सदाशिवगड समोर दिसतोय, हवा मस्त, आणि दहाव्या मिनिटाला पोटऱ्या दगड! मऊ वाळूत पाय आत जातो, मागं सरकतो, जोर अर्धा वाळूच खाते. रस्त्यापेक्षा वाळूत पळायला साधारण दीडपट ताकद लागते, हे मी नंतर वाचलं, आधी वाचलं असतं तरी ऐकलं नसतंच म्हणा.

काका हसायला लागले. म्हणाले, "अरे पाण्याजवळच्या ओल्या वाळूत पळ की, आणि बूट कशाला घातलास?" ओली वाळू टणक, पळायला छान, पण किनारा समुद्राकडं उतरता असतो ना, उत्तरेला जाताना डावा पाय कायम खाली, घोटा कुरकुरतो. म्हणून गेलो तेवढंच त्याच पट्ट्यातनं परत यायचं, मग येताना उजवा पाय खाली.

आणि इथं व्यायामाची वेळ आपण नाही ठरवायची, ओहोटी ठरवते. पौर्णिमा नुकतीच झालेली, सोमवारी सकाळी सहाच्या सुमारास ओहोटी होती, किनारा मैदानासारखा. पण ती रोज साधारण पन्नास मिनिटं पुढं सरकते, गुरुवारी साडेआठ! सहाला गेलो तर पाणी बरंच वर, पळायला फक्त मऊ वाळू उरलेली. आमच्या डेपोत असलं काही नाही, तिथं फक्त पाऊस आडवा येतो.

संध्याकाळी पोरं व्हॉलीबॉल लावायची. बीच व्हॉलीबॉल १९९६ पासून ऑलिंपिकमध्ये आहे, एका बाजूला दोघंच आणि कोर्ट १६ बाय ८ मीटर. आम्ही सात-सात जण होतो तरी बॉल खालीच पडत होता, उडी मारली की वाळू सोडतच नाही हो. पोहायला मात्र मी गेलो नाही, आम्ही विहिरीत शिकलेली माणसं, लाटेचं आपल्याला कळत नाही.

खरा व्यायाम शनिवारी झाला. सकाळी युद्धनौका म्युझियमच्या पुढं रांपण ओढायलालते. रांपण म्हणजे होडीनं समुद्रात अर्धगोल टाकून आलेलं लांबच लांब जाळं, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरनं माणसं ओढतात. मी उभा राहून बघायलालतो, तर एका म्हाताऱ्यानं मानेनंच खूण केली, ये की. धरला दोर. टाचा वाळूत रोवायच्या, अंग मागं टाकायचं, एक पाऊल मागं, परत टाचा रोवायच्या. साठीपुढची माणसं गप्पा मारत ओढायलालती आणि मला बोलायला श्वास नव्हता. पाठ, मांड्या, तळहात, सगळं एकदम कामाला लागलं, जिममधल्या कुठल्या मशीनवर मला हे झालेलं नाही.

तासाभरानं जाळं वर आलं. घड्याळात बघितलं तर पावलं चारशेसुद्धा झाली नव्हती. तळहाताला दोन फोड आले, आणि म्हाताऱ्यानं माझ्या टोपीत बांगडे टाकले, अकरा. टोपीचा वास अजून गेलेला नाही.