बंदोबस्त नावाचा युजर

सीसीटीव्हीची तक्रार आली की मी आधी विचारतो, लाईट गेली होती का. दहातल्या सहा तिथंच मिटतात, करंट देणारा एसएमपीएस उडालेला असतो नाहीतर केबलची बीएनसी पिन गंजलेली. उरलेल्यात कोळ्याचं जाळं असतं, रात्री कॅमेऱ्याचा डोळ्याला न दिसणारा आयआर लाईट त्या जाळ्यावर पडतो आणि अख्खी स्क्रीन पांढरी, मग लोक म्हणतात कॅमेरा गेला. फडक्यानं पुसायचा असतो फक्त.

पण त्या दिवशी काकांचा फोन वेगळा होता. "कॅमेरा आपोआप फिरतोय रे. तुझी काकू म्हणतीय घरात काहीतरी आहे."

घर सांगलीत, विसर्जन मिरवणुकीच्या रस्त्यावरच, जुनं दुमजली. काका कोर्टात क्लार्क होते, आता रिटायर. चार कॅमेरे, त्यातला गॅलरीतला एक फिरता, तो पुण्यातल्या मुलाचा हट्ट. डीव्हीआर, म्हणजे रेकॉर्डिंगचा डबा, देवघराच्या वरच्या फळीवर, त्याच्या फॅनमध्ये उदबत्तीची राख (किती वेळा सांगितलंय). मोटर बिघडली असेल म्हणून बघितलं तर मोटर ठणठणीत. मग लॉग उघडला. लॉग कोण बघत नाही, मी पण चार वर्षांत दोनदा उघडला असेल. डीव्हीआर त्यात सगळं लिहून ठेवतो, कोण आलं, किती वाजता, लाईव्ह बघितलं का मागचं रेकॉर्डिंग काढलं, कॅमेरा फिरवला का.

रविवार सोडला तर जवळजवळ रोज, संध्याकाळी साडेसहा ते सव्वासातच्या आत, बाहेरून लॉगिन, कॅमेरा तीन (गॅलरीतला) फिरवला, पाच-दहा मिनिटं लाईव्ह, लॉगआउट. युजरचं नाव बंदोबस्त.

हे नाव मीच टाकलेलं.

गेल्या गणपतीत एका साहेबांचा फोन आला होता, रूटवरच्या खाजगी कॅमेऱ्यांचं लाईव्ह पाहिजे, विसर्जनापुरतं. मला त्यात काही वावगं वाटलं नाही, खरं सांगतो. २००९ ला मिरजेत गणपतीतल्या कमानीवरून दंगल झाली तेव्हा मी शाळेत होतो, ते कर्फ्यूचे दिवस आठवतात, त्यामुळं मिरवणुकीवर नजर ठेवू नका असं मी तरी म्हणणार नाही. सहा गिऱ्हाइकांना विचारलं, सगळे एकच वाक्य बोलले, पोलिसांना नाही कसं म्हणायचं. सहा ठिकाणी एक युजर, एक पासवर्ड. कॅमेरा फिरवायचा हक्क पण दिला, मागितला होता म्हणून. विसर्जन झाल्यावर काढायचं होतं, नेमकी लग्नसराई लागली, कार्यालयांची कामं आली आणि डोक्यातून गेलं. आठ महिने.

काका चिडले नाहीत. चष्मा पुसत विचारलं, "तुला काय लिहून दिलं होतं का रे त्यांनी?"

"फोनच आला होता."

मग त्यांच्यातला क्लार्क जागा झाला. फोन टॅप करायचा तर गृहसचिवाचा लेखी आदेश लागतो, कारण नोंदवायला लागतं, १९९६ ला सुप्रीम कोर्टानं त्याचे नियम घालून दिले. खाजगीपणा हा मूलभूत हक्क असं नऊ न्यायाधीशांनी एकमुखानं सांगितलं ते २४ ऑगस्ट २०१७ ला, "हरतालिका होती, दुसऱ्या दिवशी गणपती, म्हणून लक्षात हाय." सरकारला त्यात हात घालता येतो, पण कायदा पाहिजे, कारण पाहिजे, आणि जेवढ्यास तेवढंच. "आणि तू फोनवर उघडून दिलंस."

मला दुसरंच सुचत होतं. चोरीच्या केसमध्ये दोन मिनिटांची क्लिप द्यायची तर १ जुलै २०२४ पासून नवीन साक्ष अधिनियमात सर्टिफिकेट, त्यात फाईलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाईलवरून काढलेला ठशासारखा आकडा, एक बिट बदलला तरी हॅश बदलतो. डीव्हीआरच्या घड्याळात फरक असला तर वकील तेवढ्यावर केस धरतात, म्हणून मी साईटवरून वेळ जुळवल्याशिवाय बाहेर पडत नाही, मोबाईलशी सेकंदाला सेकंद. आमच्या लाईनीतले निम्मे लोक हे करत नाहीत, पासवर्ड पण admin आणि एक दोन तीन चार असाच ठेवतात. दोन मिनिटांच्या क्लिपला एवढा कागद, आणि आठ महिन्यांच्या लाईव्हला एक व्हॉट्सॲप मेसेज.

हो, मेसेज. साहेबांना फोन लावला, त्यांची बदली झालेली. चांगलेच बोलले. म्हणाले, "अहो तुम्हीच तर पासवर्ड ग्रुपवर टाकला होता." ग्रुप उघडला. बंदोबस्ताचा ग्रुप, पोलिस कमी आणि मंडळाचे कार्यकर्ते, स्वयंसेवक, इकडचे तिकडचे जास्त. ६३ जण. म्हणजे पोलिसच बघत होते असंही नाही. लॉगमधल्या आयपीवरून, म्हणजे इंटरनेटच्या पत्त्यावरून, मला मोबाईल कुणाचा ते कळत नाही.

काका म्हणाले बघत काय होते ते तरी बघू. लॉगमधल्या वेळा धरून आठवड्याभराचं रेकॉर्डिंग काढलं, काकू पदरानं हात पुसत मागं उभ्या. कॅमेरा वळतो आणि समोरच्या बिल्डिंगच्या जिन्यावर थांबतो. झूम होतो. जिन्यात काही नाही. पहिल्या मजल्यावर ट्यूशन आहे त्या पोरी उतरतात, दुसऱ्यावर वकिलांचं ऑफिस आहे, तिथं माणसं चढतात, एक म्हातारा पिशवी घेऊन वर जातो, आणि कॅमेरा कुणाच्याच मागं जात नाही. नुसता जिना. पोरगी होती, का वकिलाकडं येणारं कोण, का तो म्हातारा, आम्हाला तिघांनाही सांगता येईना. काकू म्हणाल्या, "भूत असतं तर बरं झालं असतं बाई."

युजर काढला, लॉग पेनड्राईव्हवर घेतला, बाकीच्या पाच ठिकाणचा पण काढला, तिथं लॉगिन नव्हतं. मग त्या जिन्यात गेलो, आणि मधल्या पायरीवर पाय उचलेना. काय सांगणार होतो? खिशात फोन वाजला. काका.

"वर जा की. मला दिसतोयस तू."

वकिलांचं ऑफिस बंद होतं. ट्यूशनच्या बाईंना सगळं सांगितलं. त्यांनी मधे एक शब्द बोलला नाही, पोरींना तोवर आत बसवलं. शेवटी विचारलं, "आणि तुमच्याकडं? तुमच्याकडं असतीलच की सगळ्यांचे पासवर्ड."

आहेत. माझ्या मोबाईलमध्ये १४० साईट आहेत, घरं, दवाखाने, मेस, दोन सोनारांची दुकानं. बोटानं टच केलं की उघडतात. मी हो म्हणालो.

त्यानंतर मी एकेकाकडं जाऊन पासवर्ड बदलायला लावतोय, ज्याचा त्यानं टाकायचा, मी तोंड फिरवून उभा राहतो. आजपर्यंत २१ झाले. त्यातल्या सोळा जणांनी मी गाडीला किक मारायच्या आत पासवर्ड मलाच व्हॉट्सॲप केला, आम्ही विसरतो, तूच ठेव म्हणून.