दुसरा हप्ता

रविवार, रात्री

शोरूमच्या मुलाने आज विचारलं, "सर, हप्ता कुठल्या तारखेला ठेवू?" गाडी घ्यायची की नाही हेच अजून माझं ठरलेलं नाही. त्याचं मात्र ठरलेलं होतं. घराचा हप्ता पाच तारखेला जातो म्हटल्यावर त्याने लगेच दहा तारीख सुचवली. "तुमच्या पगारात आरामात बसतंय, सर."

त्याचं खोटं नाही. साधारण निम्मा पगार हप्त्यांत गेला तरी बँकेच्या लेखी माणूस "बसतो". उरलेल्या निम्म्यात किराणा, मुलीची शाळा, अप्पांची औषधं आणि लग्नसराईतले आहेर कसे बसवायचे ते आपण बघायचं.

कागद घेऊन आलोय, तो समोर ठेवूनच लिहितो. एक्स-शोरूम साडेसहा लाख. पेट्रोल गाडी, म्हणून आरटीओचा ११ टक्के कर, म्हणजे ७१ हजारांवर. त्यात विमा, नव्या गाडीला थर्ड पार्टी तर एकदम तीन वर्षांचा भरावा लागतो. फास्टॅग, मॅटिंग, असलं किडुकमिडुक धरून ऑन रोड ७ लाख ६० हजार. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, नाहीतर हाच आकडा बराच वर असता. तेव्हापासून आमच्या जळगावच्या कॉलनीत नव्या नंबरप्लेटच्या एमएच १९ गाड्या इतक्या दिसायला लागल्यात की रात्री स्कूटर लावायला जागा शोधावी लागते.

कर्ज सहा लाख, व्याज ९ टक्के, पाच वर्षं. हप्ता १२,४५५. एकूण व्याज १ लाख ४७ हजार. त्याने आधी मला सात वर्षांचाच कागद दाखवला होता, हप्ता ९,६५३. बघायला बरं वाटतं. पण हप्ता २,८०० ने खाली येतो तेव्हा व्याज ६४ हजारांनी वर जातं, हे तो सांगत नाही, विचारावं लागतं. आणि पाचवं वर्ष लागलं की विमा कंपनी त्याच गाडीची किंमत निम्मी धरते. सात वर्षांच्या कर्जात शेवटची दोन वर्षं कसले पैसे भरत असतो माणूस, कोण जाणे.

आता घर. दोन वर्षांपूर्वी वीस लाख काढले, वीस वर्षांसाठी, पावणेनऊ टक्क्यांनी. हप्ता १७,६७४. अजून १९ लाखांच्या वर मुद्दल बाकी आहे. सुरुवातीचे हप्ते व्याजातच जिरतात. बरं एवढंच झालं की कर्ज रेपो दराशी, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना पैसे देते त्याच्याशी, बांधलेलं आहे आणि २०२५ या एका वर्षात रेपो ६.५० वरून ५.२५ वर आला. माझा दर साडेसातवर आला. बँकेने हप्ता तोच ठेवून मुदत कमी केली. अठरा वर्षं उरली होती, ती पंधराच्या आसपास आली. मी काहीही न करता जवळजवळ तीन वर्षं वाचली.

मग सहज म्हणून एक हिशेब मांडला. गाडीचे तेच १२,४५५ रुपये, तीच पाच वर्षं, घराच्या कर्जात जादा भरले तर? घर साधारण सात वर्षं आधी मोकळं होतं. दोनदा मांडला, तेवढंच येतं. फ्लोटिंग, म्हणजे बदलत्या दराच्या गृहकर्जाला आगाऊ भरण्याचा दंडही नसतो.

वैशालीला दाखवलं. ती म्हणाली, "गेल्या दोन वर्षांत गाडीचा हप्ता नव्हता. मग किती जादा भरले आपण घरात?"

एक रुपयाही नाही. हप्ता नसलेला पैसा घराच्या कर्जात जात नाही, तो कुठेतरी जातोच. म्हणून हा सात वर्षांचा आकडा खरा असला तरी त्याच्यावर फार भाळायचं नाही असं ठरवलं.

मंगळवार

आज जाता-येता गाडीतच विचार. म्हणजे रेल्वेगाडीत. माझं भुसावळ अपडाउन पासवर चालतं. कार घेतली तरी मी पास सोडणार नाही. हायवेवर रोज जाऊन-येऊन पन्नास किलोमीटर पेट्रोल जाळायला मला वेड लागलेलं नाही. वैशालीची शाळा स्कूटरवर दहा मिनिटं. म्हणजे सोमवार ते शनिवार कार कॉलनीत कव्हर घालून उभी.

चालणार कधी? अमळनेरजवळ गावी जायला, अप्पांना जळगावला डॉक्टरकडे आणायला, लग्नांना, कधी पद्मालय, कधी पाल इथे फिरायला. आत्ता आम्ही गल्लीतल्या ओळखीच्या माणसाची ईको व्हॅन भाड्याने सांगतो. गावची फेरी, थांबणं धरून, दोन-अडीच हजारांत होते. गाडीच्या नुसत्या हप्त्यात अशा पाच फेऱ्या महिन्याला बसतात. आम्ही जातो एक, फार तर दोन.

इथे हिशेब संपायला हवा होता. पण जळगावचा उन्हाळा त्यात धरलेला नाही. पारा ४४-४५ वर गेला की दुपारी पोरीला ओल्या रुमालात गुंडाळून स्कूटरवर पुढे उभी करायची, तिचे गाल लालबुंद, आणि सिग्नलला शेजारी कोणाच्यातरी गाडीची काच बंद, आत एसी. त्या क्षणी कोणी कागद पुढे केला तर मी सात वर्षांच्या कर्जावरही सही करीन. आणि वैशालीचं दुसरं म्हणणंही खरं आहे: भाड्याच्या गाडीत ड्रायव्हर बाहेर थांबलाय म्हणून आपण आईजवळ नीट बसतही नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी गेली तेव्हा झोक्यावर बसायच्या आधीच ईकोवाल्याचा फोन, "ताई, किती वेळ?"

लोकांचं मी धरत नाही. "फ्लॅट घेतला, आता फोर व्हीलर कधी" हा प्रश्न लग्नाच्या पंगतीत भरीत वाढता वाढता विचारतात, उत्तर ऐकायला कोणी थांबत नाही.

रात्री अप्पांना फोन केला. त्यांनी आयुष्यभर गावच्या सहकारी सोसायटीचं पीककर्ज घेतलंय. मार्चच्या आत भरायचं आणि पुन्हा उचलायचं. तीन लाखांपर्यंत वेळेत फेडलं तर शेतकऱ्याला व्याज पडत नाही. त्यामुळे कर्ज म्हणजे वर्षाच्या आत फिरून येणारी गोष्ट, असं त्यांच्या डोक्यात पक्कं. माझं वीस वर्षांचं ऐकलं होतं तेव्हा ते बराच वेळ गप्पच होते. आज मात्र लगेच बोलले. "लेवानी व्हई ते ले भाऊ. पन गाडी दारमा उभी ऱ्हास आन हप्ता पयत ऱ्हास, इतलं ध्यानमा ठेव." म्हणजे घ्यायची तर घे, पण गाडी दारात उभी राहते आणि हप्ता पळत राहतो.

शनिवार

मला कर्जाची भीती वाटत नाही, हे या आठवड्यात कळलं. भीती आहे ती डाऊन पेमेंटची. शोरूमला द्यायचे १ लाख ६० हजार म्हणजे घर घेतल्यानंतर आम्ही साठवलेलं जवळजवळ सगळं. ते गेलं की दोन हप्ते मानेवर आणि हाताशी काही नाही. पगार एक महिना लांबला किंवा अप्पांचं गुडघ्याचं ऑपरेशन निघालं, तर तिसरं कर्ज, तेही पर्सनल, त्याच्या व्याजाचं तर बोलायलाच नको. घराला दोनच वर्षं झालेल्या माणसाने गाडीसाठी कर्ज काढूच नये असं मी म्हणणार नाही. शिल्लक रिकामी करून काढू नये, एवढं नक्की म्हणीन.

म्हणून ठरवलं, पुढच्या आखाजीपर्यंत थांबायचं. तोवर गाडी आलीच आहे असं समजून महिन्याला १२,५०० ची आरडी, म्हणजे बँकेत दरमहा भरायची ठेव. जूनची शाळेची फी आणि दिवाळी यांतूनही ती मोडावी लागली नाही, तर हप्ता खरंच झेपतो. वर्षाने दीड लाख हातात असतील, डाऊन पेमेंट जवळजवळ त्यातूनच निघेल आणि आधीची शिल्लक तशीच राहील. मोडावी लागली, तर विषय संपला. हा उन्हाळा स्कूटरवरच काढायचा, दुपारचं बाहेर पडणं टाळून.

वैशालीने वही ओढून घेतली, बघितलं आणि १२,५०० वर काट मारली.

"एवढ्यात तुझी गाडी नुसती उभी राहील. पेट्रोल, सर्व्हिसिंग, दरवर्षीचा विमा कोण भरणार? चालवायची असेल तर सोळा कर."

मोबाइलवर आरडीचा फॉर्म भरला. सोळा हजार, बारा महिने. तारीख दहा.