डीएलएल मिसिंग आणि फॉरमॅट न मारता सुटलेला पीसी: माझा अनुभव

विंडोज अपडेट चालू असताना लाईट गेली, तिथून सगळं सुरू झालं. पीसी चालू झाला पण अकाउंटिंगचं सॉफ्टवेअर उघडलं की एमएसव्हीसीपी१४० डीएलएल मिसिंग असा मेसेज (डीएलएल म्हणजे प्रोग्राम चालायला लागणारी मदतीची फाईल), सेटिंग्ज उघडून लगेच बंद, प्रिंटरचं तर नावच दिसेना. रिपेअरवाल्याने स्क्रीनकडे नीट बघितलंही नाही आणि म्हणाला "फॉरमॅट मारायला लागेल, डेटाची गॅरंटी नाही". अहो, वर्षभराची बिलं आहेत त्यात! म्हणून उचलून घरी आणला.

पहिला मेसेज सोपा निघाला. ती डीएलएल व्हिज्युअल सी++ रीडिस्ट्रिब्युटेबलमधली असते, मायक्रोसॉफ्टच्या साईटवरून ते पॅकेज घ्यायचं, एक्स८६ (३२ बिट) आणि एक्स६४ (६४ बिट) दोन्ही, विंडोज ६४ बिट असलं तरी दोन्ही, कारण ३२ बिट प्रोग्रामला त्याची वेगळी लागते. सॉफ्टवेअर लगेच सुरू झालं.

सेटिंग्ज आणि प्रिंटरने मात्र जीव काढला. एसएफसी स्कॅननाऊ, म्हणजे विंडोजच्या फाईल्स तपासून दुरुस्त करणारी कमांड, चालवलं (कमांड प्रॉम्प्ट राईट क्लिक करून रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटरनेच उघडायचा, नाहीतर चालतच नाही), तर शेवटी म्हणे करप्ट फाईल्स सापडल्या पण काही दुरुस्त करता आल्या नाहीत. याचं कारण असं की एसएफसी चांगली कॉपी घेतं विनएसएक्सएस फोल्डरमधून, तिथे विंडोजच्या फाईल्सचा साठा असतो, आणि तो साठाच खराब असेल तर ते तरी आणणार कुठून. आधी तो साठा दुरुस्त करायचा, त्यासाठी डिझम या विंडोजच्याच दुरुस्तीच्या टूलची रिस्टोअरहेल्थ कमांड. ती ६२.३ टक्क्यांवर जाऊन थांबली. थांबली म्हणजे हालेचना. खूप जण इथे विंडो बंद करतात, करू नका, आत काम चालू असतं, माझं बऱ्याच वेळाने पुढे सरकलं. आणि सरकून काय, एरर ०एक्स८००एफ०८१एफ, सोर्स फाईल्स सापडल्या नाहीत!

म्हणजे विंडोज अपडेटमधून फाईल्स मिळाल्या नाहीत, आता त्या आपण द्यायच्या, आयएसओमधून, म्हणजे विंडोज इन्स्टॉल करायची जी एक मोठी फाईल असते तिच्यातून. रिपेअरवाल्याकडे आयएसओ मागितली तर त्याने पेनड्राईव्ह दिला, "हीच सगळ्यांना चालते" म्हणून. नाही चालली. परत तीच एरर. मी विनव्हर (विंडोजचं व्हर्जन दाखवणारी कमांड) टाईप करून बघितलं तर माझं व्हर्जन २२एच२ आणि त्याची आयएसओ कुठल्या जुन्या व्हर्जनची. रोज शंभर मशीन बघणाऱ्या माणसाने एवढं तरी विचारायला नको का, की तुमचं व्हर्जन कुठलं, याचा राग माझा अजून गेलेला नाही.

मग मायक्रोसॉफ्टकडूनच त्याच व्हर्जनची, त्याच भाषेची आयएसओ उतरवली, पाच जीबीच्या वर आहे, रात्रभर लावून ठेवली. डबल क्लिक केलं की ती ड्राईव्हसारखी उघडते, माझ्याकडे ई ड्राईव्ह आला. आत सोर्सेस फोल्डरमध्ये इन्स्टॉल.विम किंवा इन्स्टॉल.ईएसडी असते, जी असेल तेच नाव कमांडमध्ये द्यायचं, विमच्या जागी ईएसडी लिहायला लागतं. त्या एका फाईलमध्ये होम, प्रो अशा बऱ्याच एडिशन असतात, म्हणून आधी डिझमच्या गेट-विमइन्फोने यादी काढून आपल्या एडिशनचा इंडेक्स नंबर बघायचा, तो सोर्सच्या शेवटी कोलन देऊन लिहायचा आणि पुढे लिमिटॲक्सेस जोडायचं, म्हणजे ते परत विंडोज अपडेटकडे जात नाही. शंभर टक्के झालं आणि खाली ऑपरेशन सक्सेसफुल आलं तेव्हा मी खरंच ओरडलो, घरचे धावत आले.

रीस्टार्ट करून परत एसएफसी, या वेळी सगळं दुरुस्त. प्रिंटरही दिसायला लागला.

हां, एक सांगायचं राहिलं, सुट्या डीएलएल फुकट देणाऱ्या साईट्सवर अजिबात जाऊ नका. आत काय भरलंय माहीत नसतं, आणि जागा चुकली तरी पंचाईत: ६४ बिटवाली सिस्टम३२ मध्ये लागते, ३२ बिटवाली सिसवाऊ६४ मध्ये, उलटसुलट झालं तर ०एक्ससी००००००७बी एरर येते. आणि हे सगळं सुरू करायच्या आधी बिलांचा बॅकअप बाहेरच्या डिस्कवर घ्या, मी तो सगळ्यात पहिला घेतला होता म्हणूनच रात्री पीसी चालू ठेवून झोपू शकलो. दुरुस्त होऊनही थोड्या दिवसांत फाईल्स परत करप्ट व्हायला लागल्या तर हार्डडिस्क तपासून घ्या, चेकडिस्कने (विंडोजची डिस्क तपासणारी कमांड) सुरुवात करा.