वेशांतराच्या दिवसाचा हशा
काही शाळांमध्ये असा एक दिवस साजरा होतो, ज्या दिवशी मुलगे मुलींचा आणि मुली मुलग्यांचा वेश करून येतात. या उपक्रमाला माझा विरोध नाही. मात्र तो ज्या पद्धतीने पार पडतो, ती मला मनापासून खटकते. शर्ट-पँट घातलेल्या, काजळाने मिशी रेखलेल्या मुलीला रुबाबदार दिसतेस म्हणून शाबासकी मिळते, तर झगा घातलेल्या मुलाने वर्गात पाऊल टाकताच हशा पिकतो आणि तो बिचारा रुमाल ठेवायला खिसा चाचपडत उभा राहतो. कपडे दोघांनीही बदललेले असताना थट्टा एकाचीच का व्हावी? पुरुषासारखे दिसणे ही बढती आणि बाईसारखे दिसणे ही नामुष्की, हे मुलांनी मोठ्यांच्या नजरेतूनच टिपलेले असते. वास्तविक हे नियम काही अनादि नाहीत: पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेले फ्रँकलिन रूझवेल्ट यांचे १८८४ मधील बालपणीचे छायाचित्र झग्यातलेच आहे, आणि त्या काळी त्यात कोणाला वावगे वाटत नसे. ज्या मुलाला असा वेश करायचा नसेल, त्याला नकाराची मोकळीक हवी. आणि ज्याला तो आवडेल, त्याला दुसऱ्या दिवशीपासून कोणी चिडवणार नाही, याची जबाबदारी शिक्षकांनी उपक्रम जाहीर करण्यापूर्वीच घ्यायला हवी.