एकशे एक्केचाळीस एकर

गृहस्थांनी आल्या आल्या टेबलावर एका बंगल्याचा फोटो ठेवला. लाल विटांचा, चार धुराडी, पुढे नदीपर्यंत उतरत गेलेली हिरवळ. "हे आमचं," म्हणाले. मग जरा थांबून, "म्हणजे, होतं."

असे फोटो मी बरेच पाहिलेत. व्हर्जिनियात, रिचमंडच्या आसपासच्या कोर्टहाउसांत मी मिळकतींचे सर्च काढते. घर विकलं जाण्याआधी मागची साधारण साठ वर्षं डीडबुकांतून, म्हणजे खरेदीखतांच्या वह्यांतून, चाळायची. बोजा राहिलाय का, कुणी वारस सुटलाय का, हद्द जुळते का ते बघायचं. आपल्याकडे वकील तीस वर्षांचा सर्च देतात, त्यातलाच प्रकार. माझे बाबा खटाव तालुक्यात तलाठी होते, त्यामुळे दुसऱ्याच्या जमिनीच्या कागदात नाक खुपसायची खोड घरातूनच आलेली. अधूनमधून कुणीतरी पूर्वज शोधायला येतं. त्यात पैसे कमी मिळतात, पण ते काम मी सोडत नाही.

हे गृहस्थ सत्तरी पार केलेले, निवृत्त इंजिनियर. त्यांच्या आत्याने कधीकाळी एक वंशावळ लिहून ठेवली होती. त्यात स्वातंत्र्ययुद्धाच्या काळातला एक पूर्वज, नावापुढे 'प्लांटर', आणि कंसात 'अकराशे एकर'. वंशावळ मानणाऱ्या एका मंडळाचं सभासदत्व त्यांना हवं होतं. तिथे पिढीला पिढी जोडणारा कागद लागतो, आत्याचा शब्द चालत नाही.

काउंटी कोणती ते सांगत नाही. सांगितली तर तिथली माणसं तासाभरात घर ओळखतील, आणि या गोष्टीतली दोन्हीकडची माणसं अजून त्याच भागात राहतात. एवढं सांगते, की ती 'जळक्या' काउंट्यांपैकी एक. इथे हा शब्द सर्रास वापरतात. ग्लॉस्टरचं दप्तर १८२० मध्ये जळलं. त्यानंतर जे साठलं ते यादवी युद्धात सुरक्षित राहावं म्हणून रिचमंडला पाठवलं, आणि एप्रिल १८६५ मध्ये रिचमंड पेटलं तेव्हा त्यातलं बहुतेक तिथे खाक झालं. न्यू केंटचं दप्तर तर १७८७ मध्ये जॉन पोझी नावाच्या माणसाने स्वतः आग लावून जाळलं, आणि त्यासाठी तो फासावर गेला.

म्हणजे मृत्युपत्रं नाहीत, खरेदीखतं नाहीत, वारसनोंदी नाहीत. उरतात ते कराचे कागद. स्वातंत्र्यानंतर, १७८२ पासून, व्हर्जिनियाने दरवर्षी दोन याद्या करायला घेतल्या. एक जमिनीची, दुसरी माणसांची आणि जनावरांची. त्यांची एक प्रत राजधानीला जायची. गाव जळलं तरी सरकारकडची वसुलीची यादी शाबूत राहिली. बाबांना हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा त्यांना अजिबात नवल वाटलं नाही. "साऱ्याचा कागद कुठंच हरवत न्हाई," एवढंच म्हणाले.

त्या दिवशी गृहस्थ स्वतः बरोबर आले होते. लायब्ररी ऑफ व्हर्जिनियाच्या वाचनालयात मायक्रोफिल्मच्या यंत्रासमोर आम्ही दोघं. मी उलटी सुरुवात केली. त्यांच्याकडे १८१५ पर्यंतचा पुरावा पक्का होता. त्या साली त्यांच्या खापरपणजोबांचे वडील जमिनीच्या यादीत सापडतात: १४१ एकर, कोर्टहाउसपासून सात मैल, ईशान्येला. १८१४ पासून यादीत असं अंतर आणि दिशा लिहायला लागले, त्याबद्दल त्या कायदा करणाऱ्यांना माझा रोज नमस्कार असतो. त्याआधीच्या यादीत नुसतं नाव, एकर, एकराचा भाव आणि कर. आपल्या आठ-अ सारखं. शेत कुठे आहे ते त्यातून कळत नाही.

मग एकेक वर्ष मागे. १८१०, १४१. १८०५, १४१. १८०३, १४१. आणि १८०२ मध्ये एकदम ९४.

मी रीळ थांबवलं. त्याच पानावर खाली, त्याच आडनावाच्या एका बाईच्या नावावर ४७. आणखी मागे गेलो. १७९५: त्याच्याकडे ९४, तिच्याकडे ४७. १७८७: तेच. १७८६ मध्ये दोघंही नाहीत. एका मयताच्या नावावर, पुढे 'एस्टेट' असं लिहून, १४१.

सत्तेचाळीस त्रिक एकशे एक्केचाळीस. नवऱ्याच्या जमिनीचा तिसरा हिस्सा विधवेला तिच्या हयातीपुरता मिळायचा. ती गेली की तो आपोआप वारसाकडे परत, खरेदीखत न करता. आणि १७८७ उजाडेपर्यंत बिनमृत्युपत्राच्या माणसाची बाकी जमीन सगळी थोरल्या मुलाला जायची, धाकट्यांना शून्य. म्हणजे मयत बाप, विधवा आई, थोरला मुलगा. दप्तर जळून गेलं, पण भागाकार शिल्लक राहिला. मी गृहस्थांकडे पाहिलं. ते खूश नव्हते.

"पण अकराशे एकर?"

अकराशे एकरही होते. त्याच यादीत, त्याच पानावर, अगदी त्याच नावाचा दुसरा माणूस. तोही साधारण त्याच सुमाराला वारलेला. आत्याने दोघांतला मोठा उचलला होता, जे कुणीही करेल. गृहस्थांचा मुद्दा मात्र चुकीचा नव्हता: ही विधवा त्या मोठ्याची कशावरून नाही? तिने ४७ एकर विकत घेतले नसतील कशावरून? एकतृतीयांश हा योगायोग नसेल कशावरून? त्यांच्या घरच्या बायबलात बाईचं नुसतं पहिलं नाव होतं, आणि त्या नावाच्या बायका त्या परगण्यात पैशाला पासरी.

दुपारी जेवायला बाहेर पडले तेव्हा साडेबारा झाले होते, तिकडे रात्रीचे दहा. बाबांना फोन लावला. एका नावाचे दोन खातेदार म्हणजे त्यांच्या हयातभराची डोकेदुखी. एकाच गावात तीन पांडुरंग ज्ञानू सांभाळलेत त्यांनी.

"बाबा, दोघांचं नाव एक, दोघं मेलेले, आणि चतु:सीमा लिहिलेली नाही."

"मग जमीन सोड की आता. त्या बाईच्या दावणीला काय हुतं ते बघ. माणूस मेला तरी दावण तीच राहती."

परत येऊन दुसरी यादी काढली. हिच्यात, कर ज्या ज्या गोष्टीवर लागू होता ते सगळं वसुली करणारा लिहायचा: एकवीस वर्षांवरचे गोरे पुरुष, सोळा ते एकवीसमधली पोरं, गुलाम, घोडे, गुरं, बग्गीची चाकं, इतकंच काय बिलियर्डची टेबलंसुद्धा. बग्गी चारचाकी की दुचाकी यावर कर ठरायचा. आणि १७८० च्या दशकातल्या काही याद्यांत, सगळीकडे नाही, गुलामांची संख्या न लिहिता नावं लिहिली आहेत.

अकराशे एकरवाल्यापुढे नावांची भली मोठी रांग होती, दुसऱ्या ओळीत सांडलेली. बग्गीची चार चाकं. १४१ एकरवाल्यापुढे तीन नावं. एक सोळा वर्षांवरची बाई आणि सोळाखालची दोन मुलं. दोन घोडे, सात गुरं. चाक एकही नाही.

मग तो वारल्यानंतरची यादी. विधवेचं नाव, तिच्या घरात सोळा ते एकवीसमधला एक मुलगा, त्याचं नाव १८१५ च्या खातेदाराचं. पुढे तीच तीन नावं, त्याच क्रमाने.

सापडलं होतं. अशा वेळी मी एरवी टेबलावर हलकी थाप मारते. या वेळी हात उचललाच गेला नाही. एका गोऱ्या घराण्याच्या तीन पिढ्या ज्या खिळ्यावर टांगल्या होत्या, तो खिळा म्हणजे त्या गुलाम बाईचं नाव होतं. आणि ते लिहिलं होतं मालकाच्या मुलानंतर आणि घोड्यांच्या आधी. आपल्या सातबाऱ्यावर काही नाही तरी 'इतर हक्क' असा एक रकाना असतो. कुळाचं नाव तिथे येतं. कूळ कितीही दबलेलं असो, जमिनीवर त्याचा काही दावा आहे हे कागद मान्य करतो. इथे ती स्वतःच करपात्र मालमत्ता. तंबाखू लावणारी, खुडणारी, वाळवणारी बाई, आणि तिच्यावरचा कर भरला म्हणून मालकाला पावती.

पुढच्या काही वर्षांच्या याद्यांत मी त्या तिघांच्या मागे गेले. नावं लिहिणं बंद झालं, आकडे आले. १७८८ नंतर बारा वर्षांखालच्यांवर कर राहिला नाही, म्हणून मुलं यादीतून गायब. जिवंत होती की नाही, विकली की नाही, कागदाला कर्तव्य नाही. विधवेपुढे 'सोळावरील: १' असा एकटा आकडा वर्षानुवर्षं चालत राहतो. १८०३ मध्ये विधवा यादीतून जाते, मुलाच्या जमिनीत ४७ एकर मिळतात, आणि त्याच्या गुलामांच्या आकड्यात एकाची भर पडते.

गृहस्थ बराच वेळ पडद्याकडे बघत होते. मग त्यांनी विचारलं, "पण प्लांटर तर लिहिलंय ना?"

मी त्यांना समजावलं, की त्या काळी स्वतःच्या जमिनीत तंबाखू लावणारा कुणीही स्वतःला प्लांटर म्हणायचा. बडे असायचे ते 'जंटलमन' लिहायचे. आणि प्लँटेशन म्हणजे झाडं तोडून कसायला घेतलेलं रान. खांबांचा बंगला ही नंतरच्या लोकांची कल्पना. खरं तर १४१ एकर आमच्या माणदेशी नजरेला काही कमी नाहीत. पण तंबाखू जमीन खाते. चारपाच वर्षांत रान पडीक टाकायचं आणि नवं तोडायचं. त्या हिशेबात हा माणूस आपल्याकडच्या पाचदहा एकरवाल्यासारखाच.

दिवस संपायला तासभर होता म्हणून १७०४ ची यादी बघितली. राजाला द्यायचा क्विटरेंट, इनाम जमिनीवरच्या जुडी नावाच्या हलक्या साऱ्यासारखा: पन्नास एकराला वर्षाला एक शिलिंग. ही यादी लंडनला गेली म्हणून वाचली. पोटोमॅककडच्या पाच काउंट्या मात्र तीत नाहीत, कारण तिथला सारा राजाला न जाता खाजगी धन्याकडे जायचा. आमची काउंटी होती. त्यांच्या आडनावापुढे १४१.

गृहस्थ खुर्चीतून अर्धे उठले. मी त्यांना बसवलं. मधली अठ्ठ्याहत्तर वर्षं रिकामी आहेत. एकर जुळले म्हणून रक्त जुळत नाही. मध्ये एकच काठी होती: पॅरिशची, म्हणजे त्या भागातल्या चर्चची, वही. दर चार वर्षांनी शेजारीपाजारी मिळून प्रत्येकाच्या हद्दीवरून चालत जायचे आणि झाडांवरच्या खुणा नव्याने कोरायचे. तीनदा बिनतक्रार चाललं की हद्द कायमची. त्यात हे आडनाव दोनदा भेटलं, त्याच ओढ्यापाशी, त्याच शेजाऱ्यांमध्ये. मी अहवालात 'बहुधा' लिहिलं. त्यांनी 'नक्की' लिहिता येईल का विचारलं. नाही म्हटलं.

त्या हद्दी 'पोल'मध्ये मोजलेल्या असतात. एक पोल म्हणजे साडेसोळा फूट. आमची साखळी तेहतीस फुटांची, म्हणजे बरोब्बर दोन पोल. एक गुंठा म्हणजे चार चौरस पोल. एकाच साहेबाने दोन्हीकडे जमीन मोजली त्याचा हा पुरावा. गृहस्थांना हे सांगितलं, त्यांना काही विशेष वाटलं नाही. बाबांना रात्री सांगितलं तर त्यांनी वही काढून दोनदा हिशेब केला.

"मग वर्षाला किती भरत होता तो?" गृहस्थांनी सामान आवरताना विचारलं.

"दोन शिलिंग, दहा पेन्सच्या आसपास."

ते पहिल्यांदाच हसले. बंगल्याचा फोटो त्यांनी पाकिटात घातला.

आठवड्याने अहवालाचा मसुदा पाठवला, तर त्यांचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाले, "त्या बाईचं नाव असायलाच हवं का त्यात? मंडळाला काय, जमिनीचा हिशेब पुरेल."

"नाही पुरणार," मी म्हटलं. "४७ एकरांचा अर्थ तिच्यामुळे लागतो. ती काढली तर तुमचा पूर्वज पुन्हा दोघांतला कुठला तरी एक."

पलीकडे बराच वेळ काही आवाज नाही. मला वाटलं, हे बिल बुडालं.

"तीन ठिकाणी तीन स्पेलिंग आहेत तिच्या नावाची," ते म्हणाले. "कुठलं घ्यायचं?"

"तिन्ही लिहा."

"आणि मुलांची?"

"मुलांची एकेकच आहेत."