आमची वाटचाल: हाताच्या मापाचा ग्रेव्हर

ग्रेव्हर म्हणजे धातूवर नक्षी कोरायचं हत्यार, आणि नवा ग्रेव्हर म्हणजे नुसती पोलादाची कांडी. ती आणली आणि लगेच चालवली असं होत नाही, हे या धंद्यातल्या माणसाला सांगायला नको. तरीही आम्हाला ते लोकांना पटवत बसावं लागलं, आणि त्यापायी आमचं वर्कशॉप बंद पडायच्या बेताला आलं होतं.

सुरुवात दोघांनी केली. भागीदाराचा हात लाकडावर चालायचा, माझा धारेवर. तो मुठी कातायचा: मागून गोल आणि खालची बाजू सपाट, म्हणजे ग्रेव्हर खाली झुकवला तरी मूठ कामाला अडत नाही. लांबी ठरवणं माझ्याकडे. मूठ तळहातात टेकवून अंगठा पुढे घेतला की टोक अंगठ्याच्या पुढे दीड-दोन सेंटिमीटर राहिलं पाहिजे. जास्त राहिलं तर ताबा सुटतो, कमी राहिलं तर बोटंच आड येतात. जादा लांबी शेपटीकडून, म्हणजे मुठीत बसणाऱ्या टोकाकडून काढायची. ग्राइंडरवर खाच पाडायची, खाचेपर्यंत व्हाइसमध्ये धरायचं, वर फडकं गुंडाळायचं आणि हातोडीचा एकच घाव घालायचा. डोळ्यांना चष्मा हवाच. कडक पोलादाचा तुकडा कुठे उडेल याचा नेम नसतो.

पहिली वर्षं चांगली गेली. काम होतं, पैसे वेळेवर येत होते.

मग आमच्याकडेच शिकलेल्या एकाने वेगळा कारखाना काढला आणि ‘तयार ग्रेव्हर’ विकायला सुरुवात केली. सगळ्या हातांना एकच लांबी. मुठीचा आकार आमचाच, जसाच्या तसा उचललेला. तेही सोसलं असतं. पण त्यांची धार लावायची पद्धत बघून अंगाचा तिळपापड व्हायचा. कोरड्या चाकावर दाबून घासायचे. कार्बन स्टील तापून 220 अंश सेल्सिअसच्या आसपास पिवळसर होतं आणि 300 च्या सुमारास निळं. टोक निळं पडलं म्हणजे त्याचं पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरलं. हे लोक तो निळा डाग बफवर, म्हणजे पॉलिशच्या चाकावर, पुसून माल चकचकीत करायचे. डाग जातो, गेलेलं पाणी परत येत नाही. तसला ग्रेव्हर चार रेघा बऱ्या मारतो आणि मग टोक बोथट होतं. कारागिराला वाटतं, आपलाच हात बिघडला.

स्वस्त म्हणून व्यापारी तिकडे वळले. ठरलेल्या ऑर्डरी फिरवल्या, जुनी बाकी अडकवली. भागीदार म्हणाला, आपणही एकच माप ठेवू. मी नाही म्हटलं. तो आपला वाटा घेऊन बाहेर पडला आणि लेथही त्याच्याबरोबर गेला. आजही मला माझंच म्हणणं बरोबर वाटतं.

त्या काळात आम्हाला तगवलं ते एका नक्षीकार ताईंनी. हात लहान, अंगठ्याचा सांधा दुखरा. बाजारातली कुठलीच मूठ त्यांना चालत नसे. त्या निरनिराळ्या टोकांच्या ग्रेव्हरांची अख्खी पेटी घेऊन आल्या: चौकोनी, ओंग्लेट, सपाट, नाइफ, लायनर. प्रत्येक नग त्यांच्या हातात धरून बघितला आणि मगच तोडला. घेताना त्या टोक अंगठ्याच्या नखावर हलकेच टेकवायच्या. रुतलं तर पेटीत, घसरलं तर माझ्याकडे परत. ब्राइट कटच्या, म्हणजे चकचकीत काप काढायच्या, सपाट ग्रेव्हरच्या बाबतीत तर लूप (डोळ्याला लावायचं भिंग) लावून टाच, म्हणजे टोकाखालची घासलेली छोटी बाजू, बघायच्या, कारण टाचेवरचा प्रत्येक ओरखडा सोन्यातल्या कापात उमटतो. पुढे त्यांचे विद्यार्थी येऊ लागले आणि त्यांच्यामागून इतर.

त्यांच्यासाठी जे कोन ठरवले तेच आम्ही आजही सोन्या-चांदीला देतो: तोंड, म्हणजे टोकाची समोरची उतरती बाजू, 45 अंश, टाच 15 ते 20. आधी 1200 ग्रिटच्या डायमंड लॅपवर (हिऱ्याच्या भुकटीच्या घासायच्या चकतीवर), मग सिरॅमिकवर अर्ध्या मायक्रॉनची पॉलिश. वळणाच्या रेघांसाठी टाच अगदी आखूड ठेवा, लांब टाच वळणाच्या बाहेरच्या कडेला घासते. तोंडामागचं जादा पोलाद वरून उतरवून टाका. धार लावताना घासायचं क्षेत्र कमी होतं आणि वेळ वाचतो. कार्बन स्टील घासताना घडोघडी पाण्यात बुडवा, पण ग्रेव्हर कार्बाइडचा (पोलादाहून कडक, ठिसूळ धातूचा) असेल तर तापलेला कधीच बुडवू नका, तडकतं. आणि मूठ बसवताना ग्रेव्हर व्हाइसच्या तांब्याच्या जबड्यांत शेपटी वर करून धरा, वरून मूठ ठोका. टोकावर ठोकणारे लोक मी बघितले आहेत.

हल्ली त्या कारखान्याचे ग्रेव्हरही आमच्याकडे बसवायला येतात. आम्ही घेतो. आधी टोकाचा पाणी उतरलेला भाग घासून काढतो, मग माप घेतो. त्या घासाईचे पैसे वेगळे लावतो आणि बिलावर कारण लिहून देतो.